पसंत न पडलेले दिवे

बहारीनमध्ये दिवे जात नाहीत, असं निघताना आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. मिरजेत दिवे जाणं हा रोजच्या वेळापत्रकाचाच भाग असल्यामुळे मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पहिली दोन वर्षं ते खरंही ठरलं. तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या गल्लीतली जमिनीखालची केबल जळाली आणि आमची तीन मजली इमारत अंधारात गेली.

एसीची घरघर थांबली तेव्हा ती किती मोठी होती हे मला पहिल्यांदा कळलं. हे, म्हणजे माझे यजमान, अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर होते. त्या आठवड्यात त्यांची दुपारची शिफ्ट होती, म्हणजे घरी यायला अकरा-साडेअकरा. समोरचं कुटुंब सुट्टीवर कराचीला गेलेलं. खालचे केरळी लोकही गावाला गेलेले. ऑगस्टमध्ये ज्याला रजा मिळते तो तिथं थांबत नाही. आमच्या जिन्यावर मी एकटीच होते.

ड्रॉवरमधून मेणबत्त्या काढल्या तर त्या उन्हाळ्याने काकडीसारख्या वाकल्या होत्या. एकही उभी राहीना. शेवटी एक वाटीत आडवी ठेवून पेटवली, ती भसाभस वितळून विझली. टॉर्च काढला तर आतले सेल पाझरून हिरवट मीठ साचलं होतं. मग मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले, कारण तिथली फरशी त्यातल्या त्यात गार होती. घामाने साडी अंगाला चिकटली होती. भीती अशी वाटत नव्हती, पण घरात काहीच आवाज नाही हे सोसवेना. मी मोठ्याने बोलायला लागले. लग्नाआधी मी मिरजेत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. तेव्हा जे तोंडात बसलं होतं तेच आलं. कृष्णेच्या उपनद्या म्हटल्या, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. असं बराच वेळ चाललं होतं. दिवे आले तेव्हा माझा घसा बसला होता.

यांना हे काही मी सांगितलं नाही. दिवे गेले होते एवढंच सांगितलं.

"एखादा चार्जिंगचा दिवा घेऊन टाक," हे जेवता जेवता म्हणाले. "हल्ली चांगले मिळतात. दिवे गेले की आपोआप लागतात. आणि थंडीत आमचा बहारीनी फोरमन वाळवंटात तंबू ठोकतो, यंदा त्यानं आपल्याला बोलावलंय. तिथंही उपयोगी पडेल."

"तुम्ही येता का बघायला?"

"मला कुठला वेळ? तू बघ ना. तुला काय दिवसभर!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला खरंच दिवसभर होता. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. शुक्रवारी मराठी मंडळी कुणा ना कुणाच्या घरी जमत, तिथं मी पहिलं वर्षभर जायची. बायकांच्या गप्पा मुलांच्या शाळेच्या, मुलांच्या दातांच्या, मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देतात याच्या. आम्हाला मूल नव्हतं आणि होणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी सांगितलं होतं. कुणी मला काही विचारत नसे. मी जवळ आले की त्या विषय बदलत, आणि बदललेला विषय फार वेळ टिकत नसे. त्यांची अडचण मला दिसायला लागली, तेव्हा मी डोकेदुखीची कारणं सांगून जाणं बंद केलं.

तर मी दिवा बघायला निघाले. मनामाच्या बाजारातली दुकानं दुपारी बंद असत, चारला उघडत. मी चारलाच जायची, तेव्हा गर्दी नसे. पहिल्या तीन-चार दुकानांत एकच तऱ्हा. काउंटरवरचा माणूस खोकं पुढे ढकलणार, "लास्ट पीस मॅडम, जपानी आहे" म्हणणार, आणि खोकं उघडून दाखवा म्हटलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळणार. दिवा किती वेळ चालतो हे एकालाही सांगता आलं नाही.

मग एका आतल्या गल्लीत एक अरुंद दुकान दिसलं. इस्त्र्या, टेबलफॅन, थर्मास, आणि वरच्या फळीवर ओळीनं ठेवलेले दिवे. आत पांढऱ्या झग्यातले एक वयस्क बहारीनी गृहस्थ बसले होते. मी वरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. ते उठले नाहीत. त्यांनी मलाच समोरचं स्टूल दाखवलं.

"बैठो, बाई. खडे खडे बत्ती नहीं लेते."

त्यांचं हिंदी ऐकून मी थक्क झाले. ते आमच्या मुंबईकडचं होतं, पण जुनं. असं बोलणारे मी लहानपणी मामाच्या दुकानात ऐकले होते. मी बसले.

"किसके वास्ते चाहिए?"

"घर के वास्ते. लाइट जाती है तब. और थंडी में कॅम्प को जाना है."

"घर में कितने आदमी?"

"दो," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, पुढे म्हणाले, "ज्यादा करके एक."

त्यांनी मान हलवली. मग प्रश्न विचारत गेले. खोल्या किती, दिवे गेले तर मी काय करते, वाचते की स्वयंपाक करते, उचलून नेण्याएवढी ताकद हातात आहे का, कॅम्पमध्ये तंबूच्या आत टांगायचाय की बाहेर ठेवायचाय. इतके प्रश्न मला कितीतरी महिन्यांत कुणी विचारले नव्हते. शेवटी त्यांनी एक दिवा खाली काढला. एक आडवी नळी, वर कडी, मागे वायर. "ले जाव. एक दिन, एक रात चार्ज करो, फिर देखो. पसंद आया तो पैसा, नहीं तो वापस. खाली डिब्बा मत फेंकना."

निघताना मी त्यांना विचारलं की हिंदी कुठं शिकलात. ते म्हणाले, लहानपणी सहा वर्षं मुंबईला होते. वडील मोत्यांच्या व्यापारात होते, वर्षातले बरेच महिने तिकडेच मुक्काम असे. "अभी कोई नहीं बचा बोलनेवाला," ते म्हणाले. सगळे त्यांना हज्जी म्हणत, मीही तेच म्हणायला लागले.

तो दिवा मी घरी आणून सांगितल्याप्रमाणे पूर्ण एक दिवस चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडदे ओढून घेतले, खोलीतले दिवे बंद केले आणि तो लावून त्याच्यासमोर घड्याळ आणि वही घेऊन बसले. शिक्षिकेची सवय जात नाही. वहीत मी रकाने आखले. किती वाजता लावला, किती वाजता मंद झाला, किती अंतरावरून वर्तमानपत्र वाचता आलं. उजेड बरा होता, पण नळीतून बारीक गुणगुण येत होती. आधी जाणवली नाही, पंधरा मिनिटांनी ती कपाळात शिरली. अशा आवाजाबरोबर अंधारात पाच तास बसणं शक्य नव्हतं.

तीन दिवसांनी तो परत घेऊन गेले. हज्जींना वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी रकाने नीट पाहिले आणि म्हणाले, "मास्टरनी हो?" मी हो म्हटलं. त्यांनी आतून बिनदुधाचा चहा मागवला. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की मुंबईत ते राहत त्या चाळीच्या पायरीवर एक मराठी बाई केळी विकायला बसायची. लहानगे हज्जी धावत खाली यायचे आणि ती रोज तेच ओरडायची. त्यांनी डोळे मिटून, एकेक अक्षर उचलून आणल्यासारखं म्हटलं, "पोरा, हलू चल, पडशील."

'ळ' त्यांना जमत नव्हता. मी 'हळू' म्हणून दाखवलं. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला आणि हसून सोडून दिलं. घरी मुलं अरबी आणि इंग्रजी बोलत, बायको वारली होती. ते केळेवालीचं वाक्य त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं कुणापुढे म्हटलं नसावं.

दुसरा दिवा त्यांनी दिला तो लहान होता, वजनाला हलका. मी पडदे ओढून बसले. तो जवळजवळ चार तास चालला. आवाज नव्हता. लाल बटण दाबून ठेवलं की भिंतीतली वीज जाताच आपोआप लागायचा. मी मुद्दाम चारदा मेन स्विच बंद करून पाहिला, चारही वेळा लागला. त्याच्यात काही खोट नव्हती.

त्या आठवड्यात यांची सकाळची शिफ्ट होती, हे चारला घरी आले. "कुठला घेतलास मग?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "अजून बघतेय. ह्याचा उजेड डोळ्यांना लागतो." हे वर्तमानपत्र उघडत म्हणाले, "अगं, दिवा आहे तो, जावई नव्हे."

पुढच्या बुधवारी मी तोच दिवा पिशवीत घालून हज्जींकडे गेले. सांगलीहून आलेल्या चुरमुऱ्यांचं भडंग केलं होतं, लसूण आणि तिखट घालून, त्याची पुडीही बरोबर घेतली. जाताना रस्त्यात मी मनात वाक्यं जुळवत होते की दिव्याबद्दल काय सांगायचं. "उजेड फार पांढरा आहे, डोळे दुखतात," असं सांगितलं. हज्जींनी दिवा लावला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो फळीवर ठेवला. मग भडंग खाल्लं. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी पुडी संपवली. त्या दिवशी मी तिथं तासभर होते. मिरज कुठं आहे ते मी त्यांच्या बिलबुकाच्या मागे नकाशा काढून दाखवलं. बोटीतून मुंबई कशी दिसायची ते त्यांनी सांगितलं, आधी दिवे दिसायचे, मग वास यायचा. दुकानात त्या तासात एकच गिऱ्हाईक आलं.

तिसरा दिवा मोठा, दोन नळ्यांचा. पुढे टॉर्च आणि वर एक पिवळा लुकलुकणारा दिवा, रस्त्यावर गाडी बंद पडली तर लावायचा. पडदे ओढून बसले. पाऊण तासात दोन्ही नळ्या मंद होऊन टोकांशी काळवंडल्या. पुन्हा चार्ज केला, पुन्हा तेच. या वेळी मला कारण जुळवावं लागलं नाही, आणि मी अगदी उत्साहाने ती मोठी पिशवी उचलून निघाले.

दुकानात त्या दिवशी हज्जींचा मुलगा होता. चाळिशीचा असेल, इस्त्रीचा झगा, हातात किल्ल्यांचा जुडगा. हज्जी नेहमीच्या जागी होते. मी दिवा पिशवीतून काढला तसा मुलाने तो ओळखला. तो वडिलांशी अरबीत भराभर बोलला. हज्जी खाली पाहत राहिले. मग तो माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, माफ करा. हा माल खराब आहे. आम्ही तो कंपनीला परत पाठवण्यासाठी बाजूला ठेवलाय. तो आवाज करणारासुद्धा. वडिलांना माहीत आहे. त्यांनी तुम्हाला का दिला मला कळत नाही."

मी हज्जींकडे पाहिलं.

"सच है," ते म्हणाले.

"आपको मालूम था?"

"पहला भी मालूम था, ये भी. अच्छा देता तो तुम दुबारा काहे को आती?" ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मग त्यांनी हात पसरले. "दूसरा तो मैंने अच्छा दिया था, बाई. मेरे दिल में आया, ये ठीक नहीं, गरीब औरत धूप में चक्कर मारती है. अच्छा दिया. तुम वो भी वापस लाई. तो मैं समझा, तुमको भी आना है."

मुलाला हिंदी कळत नव्हतं. पण तो आम्हा दोघांच्या तोंडांकडे पाहत होता. दाराशी इस्त्री घ्यायला आलेला एक हिंदुस्थानी माणूस उभा होता, त्याला मात्र सगळं कळलं होतं. माझे कान तापले. मी काहीतरी म्हणाले, "आपने मुझे फसाया" असंच काहीतरी, आवाज चढवून. दिवा काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडले. मागून "बाई, बाई" अशी हाक आली. मी वळले नाही. ऊन उतरलेलं नव्हतं आणि मी घरापर्यंत चालत गेले.

घरी येऊन मी पहिल्यांदा ती वही फाडली.

मला वाटत होतं की मला राग आलाय तो फसवल्याचा. एक परका म्हातारा, एकटी बाई, त्यानं असं करावं! दोन-तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण भांडी घासताना, कपडे वाळत घालताना डोक्यात यायचं ते दुसरंच वाक्य, तुमको भी आना है. तो माझं खोटं ओळखून होता. ओळखूनही त्यानं चहा मागवला होता. आणि त्यानं ते भर दुकानात, लोकांसमोर, सरळ बोलून टाकलं. जे मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं ते.

यांना मी म्हणाले, "मला काही जमत नाही, तुम्हीच आणा." पुढच्या गुरुवारी हे सुपरमार्केटमधून दिवा घेऊन आले. दहा मिनिटांत घेतला असेल. ठीक होता.

डिसेंबरात आम्ही कॅम्पला गेलो. साखीरच्या बाजूला वाळवंटात लांबपर्यंत तंबू लागलेले होते. फोरमनच्या कुटुंबाचे तीन तंबू, एक पुरुषांचा, एक बायकांचा, एक स्वयंपाकाचा. हे पुरुषांच्या तंबूत गेले. मला बायकांनी हाताला धरून आत नेलं, गादीवर मधोमध बसवलं, सगळ्यांत आधी माझ्या ताटात वाढलं. मांस मी खात नाही हे खुणेनं सांगितल्यावर भात आणि खजुरांचा ढीग केला. अंधार पडायला लागला तसा आमचा दिवा मधल्या खांबाला टांगला. फोरमनची बायको त्याच्याकडे पाहून हाताने 'छान' म्हणाली. त्यांच्याकडचे गॅसचे कंदील जास्त मोठे आणि जास्त उबदार होते, तरी ती म्हणाली.

मुलं सगळीकडून आत-बाहेर धावत होती. एका तरुण बाईनं आपल्या मांडीवरच्या पोराकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिनं दोन्ही हात वर करून काहीतरी म्हटलं, त्यातलं 'इंशाल्ला' मला कळलं. मग तंबूतल्या सगळ्या बायका एकामागून एक म्हणाल्या, इंशाल्ला, इंशाल्ला. अगदी मनापासून म्हणाल्या. मी हसून मान डोलावली. त्यांना नाही म्हणून सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते आणि असते तरी सांगितलं नसतं.

थोड्या वेळानं मी बाहेर आले. गार वारा होता. लांबवर दुसऱ्या लोकांचे तंबू उजळलेले दिसत होते, प्रत्येकातून बोलण्याचा आवाज येत होता आणि त्यातलं काहीच मला कळत नव्हतं. मी शाल घट्ट ओढून आमच्या गाडीला टेकून उभी राहिले, ती यांना निघायची वेळ होईपर्यंत.

परतताना गाडीत मी यांना हज्जींची गोष्ट सांगितली. का सांगितली मला माहीत नाही. अंधार होता, हे रस्त्याकडे पाहत होते, त्यामुळे सोपं गेलं असेल. दुसऱ्या दिव्याचं खरं काय ते मात्र गाळलं.

हे मोठ्याने हसले. "म्हणजे म्हातारा तुला लाइन मारत होता म्हण की!"

"तसं नव्हतं ते."

"अगं, गंमत केली. पण डोकेबाज निघाला हं!"

पुढच्या शुक्रवारी एका स्नेह्यांकडे जेवण होतं, यांनी आग्रह केला म्हणून मी गेले. जेवणं झाल्यावर यांनी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. सांगण्याची हातोटी त्यांना होतीच. हज्जींच्या हिंदीची नक्कल केली. 'अच्छा देता तो तुम दुबारा काहे को आती?' सगळे हसून लोटपोट झाले. एक बाई म्हणाल्या, "काय हो, आम्हाला पण पत्ता द्या त्या दुकानाचा!" मीही हसले. सगळ्यांबरोबर, तोंडाला पदर लावून हसले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या हसण्याची लाज अजून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बाजारात गेले. माफी मागायची असं काही ठरवलं नव्हतं. पाय तिकडे वळले एवढंच. हज्जी होते, मुलगाही होता, कोपऱ्यात खोकी मोजत होता. मला पाहून हज्जी उठून उभे राहिले. आजवर मी आले म्हणून ते कधी उठले नव्हते.

"येस, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हणाले, "हज्जी, बत्ती चाहिए."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. स्टुलावर चढून सगळ्यांत मागे ठेवलेला दिवा काढला, पुसला, लावून दाखवला. आवाज नाही, उजेड पिवळसर, मऊ. "ये सबसे अच्छा," ते म्हणाले.

"घर ले जाके देखूँ?" मी विचारलं. "पसंद नहीं आया तो वापस लाती हूँ."

त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि खोक्याला दोरी बांधायला लागले. गाठ नीट बसेना, त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

"जरूरत नहीं, मॅडम. ये खराब नहीं होगा."

मी पैसे दिले. मुलाने पावती फाडून दिली. मी "शुक्रिया" म्हणाले, हज्जींनी छातीवर हात ठेवला. बस, एवढंच झालं.

तो दिवा खरोखरच खराब झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोनदा दिवे गेले तेव्हा दोन्ही खोल्यांत एकेक लागला. मी एका खोलीत बसायची आणि दुसरीतला उजेड दारातून दिसायचा. हे एकदा म्हणाले, "दोन कशाला घेतलेस?" मी म्हणाले, "असू दे." मग त्यांनी विचारलं, "तुला इथं फार एकटं वाटतं का गं?" त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही हो. सवय झाली." हे बरं म्हणून झोपायला गेले. विचारायला त्यांना बरेच दिवस लागले असतील, आणि मी त्यांना तेवढ्यावरच परत पाठवलं.

त्यानंतर मी त्या गल्लीत जायचं टाळत गेले. इस्त्री बिघडली तर दुसरीकडून घेतली. आणखी तीन-चार वर्षं आम्ही तिथं होतो. त्या काळात मी इमारतीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबातल्या दोन मुलींना घरी भूगोल शिकवायला लागले. पैसे घेत नसे, फक्त उत्तरं मराठीत द्यायची अशी अट होती. त्यांना ते कठीण जायचं, पण त्या यायच्या.

परत यायचं ठरलं तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बाजारात बॅगा घ्यायला गेलो. बॅगा झाल्या. हे म्हणाले, आणखी काही राहिलंय का? मी म्हणाले, तुम्ही गाडीत बसा, पाच मिनिटांत आले.

दुकान तेच होतं, पण फळ्यांवर आता कॅसेट प्लेअर होते. मुलगा एकटाच होता, त्याच्या कानशिलाचे केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं नाही. मी वडिलांची चौकशी केली. ते बरे आहेत म्हणाला, गुडघे दुखतात, त्यामुळे फक्त सकाळी येतात, दहापर्यंत बसतात. उद्या सकाळी या.

"उद्या सकाळी माझं विमान आहे."

"मग काही निरोप?"

मी जरा विचार केला. "मी आले होते एवढं सांगा."

त्यानं पेन घेतलं. "नाव काय सांगू?"

मी नाव सांगितलं. त्यानं स्पेलिंग विचारून पावतीच्या मागे लिहून घेतलं, आडनावासकट. मी आभार मानून बाहेर पडले. वळणापर्यंत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हज्जींना माझं नाव माहीतच नाही. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, मीही त्यांचं विचारलं नव्हतं. उद्या सकाळी मुलगा तो कागद वाचून दाखवेल आणि ते म्हणतील, कोण ही, मी ओळखत नाही.

परत जाऊन सांगायला हवं होतं. मास्टरनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण हे गाडीचा हॉर्न वाजवत होते, मागे ट्रक अडकला होता, आणि मी जाऊन गाडीत बसले.